बकरीचा अलार्म ओळखायला शिका

ताईंनो, गटातून कर्ज काढून घेतलेली बकरी मेली, तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून बकरीचं बिघडलंय हे वेळेत कळणं फार महत्त्वाचं. या अंकात त्याचाच पाठ घेऊ. सुरुवात दवाखान्यातल्या मशीनपासून करू.

मशीन का वाजते?

मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावराला भूल देऊन शस्त्रक्रिया करतात, तेव्हा मॉनिटर लावतात. तो हृदयाचे ठोके, श्वास, ताप आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतो. प्रत्येक आकड्याला खालची आणि वरची हद्द ठरवलेली असते. आकडा हद्दीबाहेर गेला की मशीन वाजते. लाल दिवा म्हणजे आत्ताच धावा. पिवळा म्हणजे लवकर बघा.

पण मशीनला रोग कळत नाही. ऑक्सिजन मोजणारा चिमटा बहुतेक वेळा जिभेला लावतात. तो सरकला किंवा जीभ कोरडी पडली तरी अलार्म होतो. म्हणून डॉक्टर आधी जनावर बघतात, मग चिमटा आणि तारा तपासतात. आवाज बंद करायचं बटणही असतं. त्याने फक्त आवाज थांबतो, धोका तसाच राहतो.

आपल्या कोठ्यात मशीन नाही, आपण आहोत

आधी हद्द माहीत हवी. माणसाला 103 ताप म्हणजे घाबरायची गोष्ट, पण बकरीला 103 चालतो. मोठ्या बकरीच्या साधारण हद्दी अशा:

- ताप: 101.5 ते 103.5 फॅरनहाइट (गाईचा 100.5 ते 102.5)
- श्वास: मिनिटाला 15 ते 30
- नाडी: मिनिटाला 70 ते 90
- पोटाची हालचाल: मिनिटाला एक-दोनदा

ताप गुदद्वारातून मोजा. जनावरांचा डिजिटल थर्मामीटर वेगळा ठेवा, टोकाला थोडं तेल लावा. श्वास कुशीच्या हालचालीवरून पूर्ण एक मिनिट मोजा. नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते. पोटासाठी डाव्या कुशीतल्या खळग्यावर मूठ दाबून धरा, आतून ढकलल्यासारखं जाणवतं.

मोजमाप सकाळी, सावलीत, बकरी शांत असताना घ्या. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी किंवा पळून आल्यावर धाप लागतेच. तो चिमटा सरकल्यासारखा खोटा अलार्म असू शकतो. सावलीत अर्धा तास उभी करून, पाणी दाखवून पुन्हा मोजा. तरीही धाप कमी झाली नाही, तर अलार्म खरा समजा.

पिवळा अलार्म: आजच पशुसखीला दाखवा

- चारा कमी खाते, रवंथ करत नाही
- कळपापासून वेगळी उभी राहते
- डोळ्याच्या पापणीची आतली बाजू लालसर न दिसता पांढरी दिसते. पावसाळ्यात हे बहुधा जंतांमुळे होतं

लाल अलार्म: लगेच डॉक्टर

- सावलीतही ताप 104 च्या वर, किंवा 100 च्या खाली आणि कान थंड. घसरलेला ताप जास्त धोक्याचा असतो.
- डावी कूस ढोलासारखी फुगली
- तोंड उघडून श्वास घेते, उठता येत नाही
- फवारणी केलेल्या पऱ्हाटीत चरून आल्यावर लाळ गळते, अंग थरथरतं

अशा वेळी पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मोजलेले आकडे आणि केव्हापासून त्रास आहे ते सांगा. डॉक्टर येईपर्यंत फुगलेल्या बकरीचे पुढचे पाय उंचावर राहतील अशी उभी करा. धापा टाकणाऱ्या जनावराला जबरदस्तीने तेल-पाणी पाजू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं.

घरात उरलेली माणसाची तापाची गोळी बकरीला देणं म्हणजे अलार्मचं बटण दाबणं. आकडा उतरेल, आजार आतच राहील.

पुढच्या बैठकीपर्यंत

गटात मिळून एक थर्मामीटर घ्या. प्रत्येकीने आपली बकरी धडधाकट असताना तीन दिवस सकाळी ताप आणि श्वास मोजून वहीत लिहा. नेहमीचा आकडा माहीत असेल, तरच बिघडलेला ओळखता येईल. बैठकीत वह्या आणा, आपण आकडे ताडून बघू.