जुना संगणक : भंगारात देण्याआधी एक पाठ



शाळेच्या संगणक कक्षात किंवा घरच्या माळ्यावर एखादा जुना डेस्कटॉप धूळ खात पडलेला असतोच. 'आता याचं काय होणार?' म्हणून आपण तो भंगारात काढायला निघतो. पण मोबाईल आणि टॅबलेट मुलांना उघडून दाखवता येत नाहीत, हा डबा येतो. म्हणून आधी त्याच्याकडून एक पाठ करून घेऊ. इयत्ता सातवी-आठवीला हा सहज जमतो.

सुरुवातीला दोन नियम. पिन काढल्याशिवाय कॅबिनेट उघडायचे नाही. आणि पॉवर सप्लायचा डबा (एसएमपीएस) व जुना फुगीर काचेचा मॉनिटर कधीच उघडायचा नाही, कारण बंद केल्यावरही त्यांत धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

लक्षणावरून दोष ओळखा

मुलांना लगेच उत्तर सांगू नका. आधी अंदाज करू द्या, मग तपासू द्या.

१. सुरू करताना दरवेळी तारीख-वेळ चुकते : मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बहुधा संपला आहे. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.
२. बीप बीप वाजते, पडद्यावर काही नाही : बऱ्याचदा रॅम नीट बसलेली नसते. ती काढून सोनेरी पट्टीवर खोडरबर हलकेच फिरवा, कण झटका आणि पुन्हा घट्ट बसवा.
३. थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो : पंखा आणि हीटसिंक धुळीने भरले असतील. मऊ ब्रशने साफ करा. थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावा.
४. हार्डडिस्क टकटक करते : ती बदलायची तयारी ठेवा. साटा जोडणी असेल तर छोटी एसएसडी लावा, वेगातला फरक मुलांनाही जाणवेल.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निरीक्षण वहीत लिहायचे. विज्ञानाच्या प्रयोगाची हीच तर पद्धत!

आत काय टाकायचे?

विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ पासून थांबले. तेव्हा एक्सपी असलेला संगणक इंटरनेटला जोडू नका. त्याऐवजी मोफत लिनक्स टाका. कोअर टू ड्युओ आणि ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालते. पेंटियम ४ सारख्या ३२-बिट यंत्रासाठी अँटीएक्स बघा. यूट्यूब मात्र अडखळणार, ती अपेक्षाच ठेवू नका.

मग उपयोग काय?

- मराठी टायपिंग : इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. ही मांडणी भारतीय लिप्यांना समान आहे, एकदा हात बसला की हिंदीही येते. लिब्रेऑफिसमध्ये मुलांनी शाळेचे हस्तलिखित टाइप करावे.
- लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिसचे खेळ : माउस धरण्यापासून बेरीज-वजाबाकीपर्यंत.
- इंटरनेटशिवाय ज्ञानकोश : किविक्समध्ये मराठी विकिपीडियाची फाइल एकदा उतरवली की नेट नसलेल्या वाडीवरही शोधता येते.
- गणित : १०० वॅटचे यंत्र १० तास चालले तर १ युनिट. महिन्याचे बिल मुलांनाच काढू द्या.

भंगारात द्यायचाच असेल तर

हार्डडिस्कमध्ये विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असू शकतात. नुसते 'डिलीट' केल्याने ते पुसले जात नाहीत, परत काढता येतात. डिस्क पूर्ण पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने पुसा, नाहीतर ती काढून फोडून टाका. शाळेचा संगणक डेडस्टॉक रजिस्टरला असतो, त्यामुळे आधी रीतसर निर्लेखन करून घ्या आणि नोंदणीकृत ई-कचरा केंद्रालाच द्या. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, ते रस्त्यावर फुटायला नको.

दहापैकी दोन संगणक जरी सुरू झाले, तरी घरी संगणक नसलेल्या मुलांना कळफलकावर हात ठेवायला जागा मिळेल. आणि बंद पडलेली वस्तू टाकण्याआधी उघडून बघायची असते, हे बाकीच्या आठांवरही शिकता येईल.