दरवर्षी गॅस भरावा लागतो?

प्रश्न : आमचं घर रत्नागिरीत समुद्राजवळ आहे. एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. असं का होतं?

उत्तर : गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. दरवर्षी कमी होत असेल तर गळती आहे. आधी गळती शोधून घ्या. सांध्यांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. ती बुजवल्याशिवाय गॅस भरू देऊ नका, पैसे वाया जातील.

मूळ कारण बहुधा खारा वारा. बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या असतात. मिठाचा ओलसर थर बसला की दोन धातू जिथे भिडतात तिथे ॲल्युमिनियम झपाट्याने झिजतं. पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसली, बोट लावताच त्या चुरल्या, तर गंज बराच पुढे गेलाय. तो नळ्यांपर्यंत पोचला की गॅस गळू लागतो.

म्हणून पावसाळा सोडून महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून ते युनिट गोड्या पाण्याने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर पंप नको, पत्र्या वाकतात. ॲसिडचं क्लीनर तर अजिबात नको. आतल्या जाळ्या पंधरवड्याला धुवा. नवा एसी घेताना गंजरोधक लेप असलेलाच घ्या आणि युनिट समुद्राकडच्या भिंतीवर बसवू नका.