आधी पिना मोजा

तयार गेमिंग डेस्कटॉप घेताना आपण प्रोसेसर बघतो, ग्राफिक कार्ड बघतो, रॅम किती ते विचारतो. हल्ली काचेतून दिसणारे रंगीत दिवेही बघतो. एसएमपीएसबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, विकणारा तर नाहीच. मशिनला वीज पुरवणाऱ्या त्या पत्र्याच्या डब्यावर किती वॅट लिहिलंय एवढं कुणी वाचलं तरी पुष्कळ. पण वॅट हा नंतरचा प्रश्न आहे. आधी विचारायचं ते हे, की हा डबा उद्या जळाला तर बाजारात मिळणारा दुसरा त्याच्या जागी बसेल का? आमच्या घरी याचं उत्तर ‘नाही’ असं निघालं, आणि ते कळेपर्यंत मदरबोर्डही गेलेला होता.

मशिन एका नामांकित कंपनीचं. मुलीच्या ॲनिमेशनच्या कोर्ससाठी घेतलेलं. वॉरंटी संपून फार काळ झाला नव्हता. साताऱ्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की विजेचं येणं-जाणं आलंच. एका संध्याकाळी लाइट गेली, आली, लगेच परत गेली आणि पुन्हा आली तेव्हा मशिन ढिम्म. पंखा हलेना, बोर्डावरचा बारीकसा दिवाही लागेना. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं की पार्ट स्टॉकमध्ये नाही, मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही, पैसे मात्र आधी भरा. मुलीचं सबमिशन तोंडावर आलेलं. म्हणून मशिन गावातल्याच एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

पोरगा हुशार होता. एसएमपीएस गेल्याचं निदान त्याने अचूक केलं. दुकानातला बऱ्यापैकी कंपनीचा ५५० वॅटचा नवा एसएमपीएस काढला, कॅबिनेटशेजारी ठेवला, वायरींचा जुडगा सोडला आणि थबकला.

“काका, चोवीस पिनांचं सॉकेटच नाहीये ह्याला.”

वाकून पाहिलं तर खरंच नव्हतं. जिथे लांबलचक दोन रांगांचं सॉकेट असायला हवं तिथे सहा पिनांचं चिमुकलं सॉकेट होतं. प्रोसेसरपाशी चार पिनांचं एक, ते नेहमीचंच. हार्ड डिस्कची वायर एसएमपीएसमधून न येता मदरबोर्डवरूनच निघाली होती. आणि नव्या एसएमपीएसला सहा पिनांचा एक प्लग होताच, ग्राफिक कार्डासाठीचा.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी हे प्लग जवळून बघा. प्रत्येक पिनेभोवती प्लॅस्टिकचा छोटा खण असतो. काही खण पूर्ण चौकोनी, काहींचे दोन कोपरे छाटलेले. चुकीचा प्लग चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून केलेली ही खूण. पण छाटलेल्या कोपऱ्यांचा खण चौकोनी भोकात आरामात जातो, आणि उलट असेल तर थोडा अडतो. थोडाच. अंगठ्याने जोर दिला की प्लॅस्टिक नमतं. त्याने जोर दिला. मग चोवीस पिनांच्या मोकळ्या प्लगात हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून एसएमपीएस चालू केला. फट्‌ असा आवाज आला आणि दुकानभर जळका, आंबूस वास पसरला.

ग्राफिक कार्डाच्या सहा पिनांच्या प्लगात तीन पिना बारा व्होल्टच्या आणि तीन अर्थच्या असतात. आमच्या बोर्डावरच्या सहा पिनांपैकी दोन मात्र वीज घेण्यासाठी नव्हत्याच. एक ‘चालू हो’ हा निरोप एसएमपीएसला देणारी, दुसरी ‘व्होल्टेज ठीक आहे’ हा त्याचा निरोप घेणारी. जिथे जेमतेम पाच व्होल्ट अपेक्षित असतात अशा सिग्नलच्या वाटेवर थेट बारा व्होल्ट गेले. ती वाट एका नाजूक चिपपर्यंत जाते. बोर्ड उडाला.

त्या पोराला मी फार दोष देत नाही. चोवीस पिनांची सवय हाताला इतकी लागलेली असते की तसा प्लग नसेल अशी शंकाच येत नाही. इंटेलने १९९५ साली एटीएक्स ही मापं ठरवली तेव्हा मुख्य प्लग वीस पिनांचा होता. २००३च्या सुमारास तो चोवीसचा झाला. त्यातून ३.३, ५ आणि १२ असे तिन्ही व्होल्टेज बोर्डाला मिळतात. नारिंगी, लाल आणि पिवळी वायर, कोणत्याही गल्लीतला मेकॅनिक झोपेत सांगेल. ही शिस्त मोडणारे तेव्हाही होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेलच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये प्लग दिसायला हुबेहूब एटीएक्सचा, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा. साधा एसएमपीएस लावला की जळण्याचीच शक्यता. आताची तऱ्हा निराळी आहे. प्लगच वेगळा दिसतो, त्यामुळे निदान माणूस थबकतो तरी.

कंपन्या असं का करतात, याचं ‘लुबाडायला’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. एसएमपीएसमध्ये तीन-तीन व्होल्टेज तयार करण्यात, विशेषतः मशिन नुसतं बसून असताना, वीज वाया जाते. फक्त बारा व्होल्ट बनवायचे आणि लागतील तिथे बोर्डावरच पाच किंवा ३.३ करून घ्यायचे, हे तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचं आहे. कॅलिफोर्नियाने संगणकांच्या वीजवापरावर कडक नियम आणल्यावर तर मोठ्या कंपन्यांना तेच सोयीचं झालं. इंटेलनेही २०१९ मध्ये याच कल्पनेचं एक सामायिक माप काढलं. एटीएक्स१२व्हीओ, दहा पिनांचं. माझी तक्रार बारा व्होल्टबद्दल नाहीच. तक्रार अशी की प्रत्येकाने आपापला प्लग काढला. कुणाचा सहा पिनांचा, कुणाचा दहाचा, कुणाचा चौदाचा, आणि दहा-दहा पिनांचे असले तरी एकमेकांशी जुळतील याची खात्री नाही.

तेव्हा तुमच्या मशिनमधला एसएमपीएस गेला असं वाटलं तर काही विकत घेण्याआधी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि सगळ्या प्लगांचे फोटो घ्या. कोणता प्लग कुठून आला, कोणत्या रंगाची वायर कोणत्या खणात, हे दिसलं पाहिजे. चिकटवलेल्या लेबलचाही फोटो घ्या. त्यावर वॅटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो तो पार्ट नंबर. डेलच्या यंत्रांवर ‘डीपी/एन’, लेनोवोच्या यंत्रांवर ‘एफआरयू’, एचपीच्या यंत्रांवर स्पेअर पार्टचा क्रमांक. दुकानदाराला मॉडेलचं नाव सांगून उपयोग नसतो. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन प्रकारचे एसएमपीएस घालते. नंबर सांगा आणि फोटो दाखवा.

हिरवी-काळी जोडून एसएमपीएस तपासायची युक्ती साध्या एटीएक्ससाठी ठीक आहे. खास एसएमपीएसमध्ये हिरवी वायर हिरवीच असेल याचा भरवसा नाही. कित्येकांच्या सगळ्या वायरी काळ्या असतात. त्या विशिष्ट पार्टचा पिनांचा नकाशा हातात नसेल तर तारेचा तुकडा लावू नका. साध्या एसएमपीएसमध्येसुद्धा पंखा फिरला नाही म्हणजे तो गेला असं होत नाही, कारण काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा गरम होईपर्यंत फिरतच नाही. मल्टिमीटर लावावा. बारा व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६ आणि पाचच्या वायरीवर ४.७५ ते ५.२५ यांच्या आत आकडा हवा. आणि डबा उघडायचा मोह आवरा. प्लग काढून ठेवला तरी आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही वेळ राहू शकतात. ज्याचा हात बसलेला आहे त्यानेच ते काम करावं.

नंबर हातात आला की सगळ्यात सुखाचा मार्ग म्हणजे तोच पार्ट शोधणं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. अशा बाजारांत जुन्या मशिनमधून काढलेले सुटे भाग विकणारी दुकानं असतात. ‘सेम टू सेम आहे सर’ या वाक्यावर विसंबू नका. आपला फोटो आणि त्याच्या हातातला प्लग खणाखणाने ताडून पाहा, मापही घ्या. साधा एटीएक्स डबा १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो. कंपन्यांचे डबे कित्येकदा अरुंद, लांबुडके असतात आणि त्यांच्या स्क्रूची भोकंही वेगळीच. जुना भाग घेताना दुकानातच लोड देऊन चालवून दाखवायला सांगा आणि निदान महिन्याभराची हमी बिलावर लिहून घ्या.

दुसरा मार्ग ॲडॉप्टर वायरीचा. एका टोकाला चोवीस पिना, दुसऱ्या टोकाला सहा, दहा किंवा चौदा. हा मार्ग चालतो, पण वायर म्हणजे नुसती वायर नव्हे. मशिन बंद असतानाही बोर्डाला थोडी वीज लागते. साधा एसएमपीएस ती पाच व्होल्टची देतो आणि आमच्यासारख्या बोर्डाला ती बाराची हवी असते. म्हणून चांगल्या ॲडॉप्टरमध्ये पाचाचे बारा करणारी नखाएवढी पट्टी काळ्या रबरी नळीत बसवलेली असते. ती नसलेली स्वस्त वायर लावली तर मशिन सुरूच होत नाही, किंवा झोपवलं की उठत नाही. वायर तुमच्याच मॉडेलसाठी आहे ना हे पाहा, तिची जाडी पाहा. बोर्डाला लावण्याआधी तिच्या प्रत्येक पिनेवर मल्टिमीटर धरून नकाशाशी ताडून घ्या. या कामाला पंधरा मिनिटं लागतात. बोर्डाची किंमत किती ते मला विचारू नका.

ॲडॉप्टर लावताना आणखी एक सापळा आहे. नवा एसएमपीएस सुट्या वायरींचा, म्हणजे मॉड्युलर असेल, तर त्याच्या खोक्यातल्याच वायरी वापरा. ग्राफिक कार्डाकडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला वायरींचा क्रम कंपनीगणिक बदलतो, आणि प्लग मात्र खुशाल बसतो. जुन्या वायरी तशाच ठेवून नुसता डबा बदलला आणि सगळ्या हार्ड डिस्क एकदम गेल्या, ही कहाणी कोणत्याही डेटा रिकव्हरीवाल्याकडे ऐकायला मिळेल.

आमच्याकडे बोर्डच गेल्यामुळे तिसरा मार्ग उरला. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड आणि एसएसडी काढायचे आणि साधा बोर्ड, साधं कॅबिनेट, साधा एसएमपीएस घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण कंपनीच्या कॅबिनेटमध्ये साधा बोर्ड बसवायला गेलं की एकेक गंमत कळते. मागची पोर्टांची पट्टी कॅबिनेटच्याच पत्र्यात कोरलेली. समोरच्या पॉवर बटणाचा प्लग एकसंध आणि वेगळ्याच क्रमाचा. प्रोसेसरवरचा पंखा ज्या स्क्रूंवर घट्ट होतो ते स्क्रू थेट कॅबिनेटमध्ये जाणारे, म्हणजे पंखाही नवा. शेवटी त्या सुंदर दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये आता माळ्यावर दिवाळीचे आकाशकंदील आहेत.

खरा घाम मात्र एसएसडीने काढला. नवा बोर्ड लावून मशिन चालू केल्यावर पडदा निळा, आणि त्यावर ‘रिकव्हरी की द्या’. विंडोज ११च्या तयार मशिनमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन केलं की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. बोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा गेला, मग कुणाला कितीही पैसे द्या. मुलगी म्हणाली, “बाबा, माझं सगळं सबमिशन त्यात आहे.” सुदैवाने तिला अकाउंटचा पासवर्ड आठवत होता आणि की तिथे जपलेली होती. तुमचं मशिन आत्ता धडधाकट असेल तर आजच ती की कागदावर उतरवून ठेवा. मशिनबरोबर आलेली विंडोजही त्या बोर्डाशीच बांधलेली असते, त्यामुळे नव्या बोर्डावर ती नव्याने घ्यावी लागली. हा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

ग्राफिक कार्ड वाढवण्यासाठी एसएमपीएस बदलणाऱ्यांनी हिशेब आधी करावा. बोर्डावरच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या प्लगातून आणखी ७५, आठ पिनांच्या प्लगातून १५०. जीटीएक्स १६५० सारखं ७५ वॅटचं कार्ड कंपनीच्या लहान एसएमपीएसवरही चालतं. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅट खातं आणि एनव्हिडिया त्याच्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. खास प्लगाच्या मशिनमध्ये अशा कार्डाचा खर्च म्हणजे कार्ड अधिक ॲडॉप्टर अधिक एसएमपीएस, आणि डबा मावत नसेल तर कॅबिनेटसुद्धा. एवढ्यात कधी कधी जुनं विकून नवं असेंबल केलेलं परवडतं.

सर्व्हिस सेंटर पार्ट देत नसेल तर तोंडी तक्रारीवर थांबू नका. पार्ट नंबर लिहून ईमेलने मागणी करा. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०२२च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलंय, तिथे कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. तुमची कंपनी तिथे काय म्हणते ते वाचून घ्या, बोलताना जोर येतो.

आणि अजून मशिन घ्यायचंच असेल तर दुकानदाराला काही विचारत बसू नका, त्यालाही ठाऊक नसतं. मोठ्या कंपन्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आपल्या साइटवर फुकट ठेवतात. ते उतरवून घ्या, मदरबोर्डचं चित्र असलेलं पान काढा आणि मुख्य पॉवर सॉकेटच्या पिना मोजा. चोवीस भरल्या तर पुढचे प्रश्न विचारा. कमी भरल्या तर त्या मॉडेलचा जादा एसएमपीएस आज कुठे आणि केवढ्याला मिळतो ते बघा आणि तो आकडा मशिनच्या किमतीत मिळवा.