स्वस्त नेत्रतपासणी उपकरण : खरेदीपूर्वीची परीक्षा

हातात मावणारी अल्पमोली नेत्रतपासणी उपकरणे उपलब्ध असताना गावोगावच्या शिबिरांसाठी ती आपण का घेत नाही, अशी पृच्छा काही देणगीदारांनी आस्थेने केली. प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल केनियातील नाकुरू येथील एका अभ्यासाची माहिती देत आहोत.

'पीक अक्युइटी' ही स्मार्टफोनवरील दृष्टिमापन पद्धती तेथे ५५ वर्षे व त्यावरील ३०० व्यक्तींवर पारखण्यात आली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पडद्यावर इंग्रजी 'ई' अक्षर निरनिराळ्या दिशांना वळलेले दिसते. रुग्णाने हाताने दिशा दाखवावयाची व तपासनिसाने त्या दिशेस पडद्यावर बोट सरकवावयाचे. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंचीही तपासणी यामुळे सुलभ होते. परंतु आम्हांस उपकरणापेक्षा त्याची परीक्षा घेण्याची रीत अधिक मोलाची वाटली. मापन वृद्धांच्या राहत्या घरी झाले, आणि त्याच व्यक्तींची दृष्टी दवाखान्यात प्रमाणित तक्त्यांवरही मोजून दोन्ही नोंदी ताडून पाहण्यात आल्या. सरासरी फरक तक्त्याच्या एका ओळीहून कमी भरला. वेळही नेहमीच्या स्नेलन तक्त्याइतकाच, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आसपास लागला.

तथापि हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांस ठाऊक आहे की, बेरीज जुळली म्हणून प्रत्येक नोंद बिनचूक असतेच असे नाही. नोंद चुकली तर एखादे आजोबा मजुरी बुडवून सोबत आलेल्या मुलासह विनाकारण हेलपाटा घालतील, किंवा 'नजर ठीक' असे ऐकून घरीच राहतील. काचबिंदूत तर समोरचे दीर्घकाळ स्पष्ट दिसत राहते. केवळ दृष्टिमापनाने तो सापडत नाही. (पुठ्ठ्याला पाडलेल्या बारीक छिद्रातून अधिक स्पष्ट दिसले, तर बहुधा चष्म्याने काम भागते. हे 'उपकरण' जवळजवळ फुकट आहे, आणि आमच्या शिबिरांत पूर्वीपासून वापरात आहे!)

यास्तव येत्या वर्षी प्रथम दोनच संच घेण्याचे ठरविले आहे. बाह्यरुग्ण विभागातील वृद्धांची तपासणी त्याच दिवशी भिंतीवरील तक्त्यावर व संचावर, दोन स्वतंत्र कर्मचाऱ्यांकडून होईल. नोंदी जुळल्या अथवा न जुळल्या, तरी त्या पुढील अहवालात छापल्या जातील. तोवर या कामी आलेली उर्वरित देणगी नेत्रनिधीत स्वतंत्र खात्यावर राहील.