हसू आणि हसं : मालवणी मातीतला एक धडा



मराठीत दोन शब्द अगदी शेजारी राहतात. एक 'हसू' आणि दुसरा 'हसं'. हसू येतं, हसं होतं. हसू आलं की चेहरा खुलतो, हसं झालं की तोच चेहरा उतरतो. शब्दांत फरक एवढासा, पण वर्गात मात्र तो फार मोठा ठरतो. एका दिवशी हसं झालेलं मूल पुढचे कित्येक महिने हात वर करत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं.

'आनंदी राहा', 'हसतमुख राहा' असं आपण परिपाठात सांगतो. आनंददायी शनिवारला खेळ घेतो, गाणी घेतो. पण मुलांना हसायला वेगळं शिकवावं लागत नाही, ते त्यांना उपजतच येतं. शिकवावं लागतं ते एवढंच, की कुणाचं हसं न करता हसू कसं आणायचं. या धड्यासाठी सिंधुदुर्गाइतकी चांगली शाळा शोधून सापडणार नाही, कारण इथे गजाली, दशावतार आणि गाऱ्हाणं या तिन्ही गोष्टींत विनोद आणि माया एकत्र नांदतात.

हसायला सोबत लागते

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी माणसं कधी आणि कशी हसतात याच्या नोंदी वर्षानुवर्षं केल्या. त्यांना आढळलं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट जास्त चारचौघांत हसतो. दुसरी गंमत म्हणजे, ज्या वाक्यांनंतर लोक हसले त्यातली जेमतेम १० ते २० टक्के वाक्यं विनोदी म्हणावीत अशी होती. बाकी सगळं आपलं साधंच बोलणं. म्हणजे हसू बहुतेक वेळा विनोदामुळे येत नाही, सोबतीमुळे येतं.

ऑक्सफर्ड विद्यापीठातले रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की एकत्र बसून खळखळून हसल्यानंतर लोकांची वेदना सोसण्याची ताकद वाढते. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रानेही हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे ६ प्रकार सांगितले. हलक्या स्मितापासून अनावर हसण्यापर्यंतची ती पायरी-पायरीची मांडणी आहे. 'आत्मस्थ' म्हणजे स्वतः हसणं आणि 'परस्थ' म्हणजे दुसऱ्याला हसवणं, असा भेदही तिथे आहे.

मालवणात हे सगळं एका शब्दात बसतं, तो शब्द म्हणजे गजाल. चार माणसं जमली, कुणीतरी विषय काढला, की गजाल सुरू. तिला ना विषयाचं बंधन, ना वेळेचं. म्हणून तर 'गजालीन घोव खाल्लो' अशी म्हण पडली. गप्पांच्या नादात कामाची वाट लावणाऱ्यांना ती बजावते, पण स्वतः म्हणच इतकी गमतीची, की ऐकणारा रागवायच्या आधी हसतो.

आधी स्वतःवर हसा

गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेलं आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेलं 'वस्त्रहरण' हे नाटक आपल्याला ठाऊक आहेच. त्याचे ५,००० हून जास्त प्रयोग झाले. पु. ल. देशपांडे यांनी पत्र लिहून त्याला मनापासून दाद दिली. नाटकाची गोष्ट तशी साधी आहे. गावातली हौशी मंडळी महाभारतातला वस्त्रहरणाचा प्रसंग बसवायला घेतात आणि एकेक गोष्ट बिघडत जाते. कुणाला संवाद आठवत नाहीत, कुणी वेळेवर हजर नसतं, कौरव-पांडव सरळ मालवणीत भांडायला लागतात.

प्रेक्षक पोट धरून हसतो, पण कुणाला तुच्छ लेखून हसत नाही. मुंबईच्या नाट्यगृहात बसलेल्या चाकरमान्याला वाटतं, ही तर आपल्याच वाडीतली माणसं. तो त्यांच्यावर हसतो, तेव्हा स्वतःवरही हसत असतो. लिहिणारा आणि नाचणारा दोघेही कोकणातले. जो विनोद करतो तो विनोदाच्या आत उभा असतो, बाहेर उभा राहून बोट दाखवत नाही. मुलांना सांगायचा पहिला नियम हाच आहे.

आरवलीचे जयवंत दळवी यांनी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने मराठी लेखकांची भरपूर खिल्ली उडवली. 'सारे प्रवासी घडीचे' मध्ये त्यांनीच गावातली तऱ्हेवाईक माणसं रंगवली. त्या माणसांच्या खोडी वाचताना हसू येतं, आणि पुस्तक मिटताना ती माणसं गेल्याची हुरहुरही लागते. विनोदामागे माया आहे की नाही, हे ओळखायची ही चांगली खूण आहे. हसून झाल्यावर त्या माणसाबद्दल मनात काय उरतं ते बघावं.

संकासुराची भीती आणि गंमत

दिवाळीनंतर सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळासमोर दशावतार रंगतो. त्याचे संवाद छापलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं मात्र नटाने तिथल्या तिथे रचायचं. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती, सरस्वती, भटजी येतात आणि मग येतो काळ्या वेशातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासूर. वेद चोरणारा हा राक्षस. त्याला बघून लहान पोरं आईच्या पदराआड लपतात, आणि दोन मिनिटांत त्याच्याच मालवणी कोट्यांवर हसायला लागतात.

यात बालमानसशास्त्राचा एक मोठा धडा आहे. ज्याची भीती वाटते त्याच्यावर सगळ्यांबरोबर हसता आलं, की भीती लहान होते. गणिताची भीती, फळ्यासमोर उभं राहायची भीती, परीक्षेची भीती, या सगळ्यांचा एकेक संकासूर करता येतो. 'तुमचा गणिताचा संकासूर कसा दिसतो, चित्र काढा' असं म्हणून बघा. हसत हसत मुलं आपली खरी अडचण कागदावर उतरवतील. अट एकच, हसायचं ते भीतीवर. भिणाऱ्या मुलावर नाही.

'मेल्या' म्हणण्यातली माया

'मेल्या, खय होतंस इतके दिस?' असं कुणी मालवणात म्हणालं, तर बाहेरचा माणूस दचकेल. गावातल्या माणसाला मात्र त्यात 'तुझी आठवण येत होती रे' एवढंच ऐकू येतं. मालवणी माया बऱ्याचदा शिवीच्या वेशात येते. म्हातारी आजी नातवाच्या नावाने 'शिरा पडली तोंडार' म्हणते आणि त्याच हाताने खटखटे लाडू त्याच्या मुठीत कोंबते.

पण इथेच सावध राहायला हवं. हे बोलणं चालतं, कारण त्यामागे वर्षांची ओळख असते. वर्गात आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातलं मूल असेल, किंवा कामासाठी कर्नाटकातून आलेल्या पालकांचं मूल असेल, तर त्याला 'मेल्या' मधला फक्त शब्द ऐकू येतो, त्यातली माया नाही. आधी ओळख, मग थट्टा. हा क्रम उलटा झाला की हसू जातं आणि हसं उरतं.

विनोदाला पेजेची जोड

मन हलकं करायला नुसता विनोद पुरत नाही. त्याच्या शेजारी एखादी छोटीशी सोय, एखादा साधा घास लागतो. कोकणात सकाळी १० च्या सुमारास उकड्या तांदळाची ऊन ऊन पेज, मीठ आणि तोंडी लावायला लोणचं किंवा भाजलेला सुका मासा, एवढं मिळालं की शेतावरच्या माणसाचा जीव शांत होतो. दारात आलेल्याला 'बस, पेज घे' म्हणणं ही इथली दया. तिचा कुणी गाजावाजा करत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या ओढून झाकून ठेवलेल्या असतात, हातात पैसा कमी असतो, बाहेर पाऊस कोसळत असतो. अशा वेळी जाळी दुरुस्त करता करता गजाली रंगतात. त्यांनी घरात पैसा येत नाही, पण दिवस सरतो. मग नारळी पौर्णिमेला मालवणात नारळ लढवायचा खेळ रंगतो. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. हरणाराही हसत हसत दुसरा नारळ घेतो. हरल्यावर हसता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे क्रीडास्पर्धेतली रडारड पाहिलेल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

'माका' म्हणणारं मूल

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. समजा, चौथीतलं एक मूल उभं राहून म्हणालं, 'बाई, माका येता.' सगळा वर्ग फिस्सकन हसला. मूल काही चुकलेलं नव्हतं, त्याला उत्तर येत होतं. पण ते आता खाली बसतं, आणि त्या दिवसापासून उत्तर येत असूनही गप्प राहायला शिकतं.

'वस्त्रहरण'ने मालवणीला रंगभूमीवर मान मिळवून दिला, हे खरंच. पण त्याबरोबर एक समजही पसरला, की मालवणी म्हणजे विनोदाचीच बोली. कुणी ती बोलायला लागलं की ऐकणारा आधीच ओठ रुंदावतो. त्या मुलासाठी मात्र ती घरची भाषा आहे. आईने झोपवताना, आजीने ताप बघताना, बाबांनी रागावताना तो तीच ऐकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं असं सांगतं. ते कागदावर राहू नये असं वाटत असेल, तर सुरुवात 'माका' ऐकल्यावर आपण काय करतो यापासून होते.

अशा वेळी वर्गावर ओरडू नये. ओरडलं की त्या मुलाकडे आणखी लक्ष जातं. शांतपणे म्हणावं, 'येता मा? मग सांग बघू.' त्याच्याच बोलीत. उत्तर ऐकावं, शाबासकी द्यावी, आणि मग सगळ्यांना विचारावं, 'माका, मला, आणि विदर्भात मले. आणखी कुठे काय म्हणतात?' हसं व्हायची वेळ आलेला शब्द दोन मिनिटांत वर्गाच्या अभ्यासाचा शब्द होतो.

वर्गात करून बघण्यासारखे ४ उपक्रम

१. गजालीची १० मिनिटं : आठवड्यातून एकदा, घरच्या बोलीत. प्रत्येकाने स्वतःची फजिती सांगायची. दुसऱ्याची सांगायला बंदी. सुरुवात शिक्षकांनी करावी.

२. तीन प्रश्नांची चाळणी : एखादा विनोद केल्यावर मुलांनी स्वतःला विचारायचं. ज्याच्यावर विनोद केला तोही हसतोय का? तो समोर नसता तर मी हाच विनोद केला असता का, आणि असता तर त्याला तो नंतर कळलेला चालेल का? त्याने माझ्यावर असाच विनोद केला तर मला चालेल का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर ती टिंगल.

३. वर्गाचं गाऱ्हाणं : गाऱ्हाण्यात एक जण देवाकडे सगळ्यांसाठी मागणं मागतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मुलांना वर्गासाठी नवं गाऱ्हाणं रचायला सांगा. उदाहरणार्थ : 'बा देवा म्हाराजा, आज जो कोण गप्प गप्प आसा, तेका मनातला बोलाक धीर दी!' 'व्हय म्हाराजा!' 'जो कोण डबो इसारलो आसात, तेका आमच्या डब्यातलो घास मिळू दे!' 'व्हय म्हाराजा!' गंमत आणि करुणा एकत्र कशी येते, हे मुलांना यातून आपोआप कळतं. मात्र गाऱ्हाण्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही.

४. माझी पेजेची वाटी : 'मला वाईट वाटतं तेव्हा कशाने बरं वाटतं?' यावर ५ ओळी लिहून घ्या. मांजर, आजीची गोधडी, पावसाचा आवाज, काहीही चालेल. मग विचारा, 'यातलं काय तू दुसऱ्याला देऊ शकतोस?'

पालकांसाठी दोन शब्द

पाहुण्यांसमोर मुलाची फजिती रंगवून सांगायची सवय आपल्याला असते. पाहुणे हसतात, आपणही हसतो. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. त्याला ती गोष्ट सांगायला आवडत असेल तर त्यालाच सांगू द्या. आणि शाळेत मराठी सुधारावं म्हणून घरातली मालवणी बंद करू नका. मुलाला दोन्ही येतात, त्याचा गोंधळ उडत नाही.

आणखी एक. मूल बरेच दिवस उदास असेल, जेवत-झोपत नसेल, तर 'हस रे जरा' म्हणून भागत नाही. त्याचं ऐकून घ्यावं लागतं आणि जाणकारांची मदत घ्यावी लागते. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी मोफत उपलब्ध आहे. विनोद ही पेज आहे, औषध नाही. पण रोजची पेज ज्याला मिळते, त्याला ताकद जरा जास्त असते.

तर या आठवड्यात एवढंच करून बघूया. आपल्या वर्गात दिवसभरात जेव्हा जेव्हा हशा पिकेल, तेव्हा हसणाऱ्यांकडे न बघता, जो हसत नाही त्याच्याकडे बघायचं. तो का हसत नाही, हे कळलं की पुढचा पाठ आपल्याला आपोआप सुचेल.