पार्क फुकट, पैसे पार्किंगचे

इंग्लंडमधल्या कंट्री पार्कांत शिरायला सहसा तिकीट नसतं. स्लाउजवळचं ब्लॅक पार्क घ्या, नाहीतर लेस्टरजवळचं ब्रॅडगेट पार्क. चालत गेलात, सायकलवर गेलात, तर एक पेनीही लागत नाही. पैसे पडतात ते गाडी लावायचे. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की आपण मराठी कुटुंबं डबे भरून अशाच ठिकाणी जातो, म्हणून हा हिशोब एकदा नीट मांडायला हवा.

शुल्क गाडीवर आहे, माणसांवर नाही. समजा, दोन तासांचे ३ पौंड आहेत. आजी-आजोबांसह पाच जण गेलात तर माणशी ६० पेन्स पडतात, म्हणजे फार काही नाही. पण संध्याकाळी अर्धा तास पाय मोकळे करायला एकट्याने येणाऱ्यालाही तेच ३ पौंड मोजावे लागतात. आठवड्यातून पाचदा आला तर महिन्याला पासष्टच्या घरात जातात. साहजिकच शुल्क लागलं की आधी तुटतात त्या या छोट्या, रोजच्या फेऱ्या. रविवारची सहल कुणी ३ पौंडांसाठी सोडत नाही. गुडघेदुखीवर डॉक्टरांनी चालायला सांगितलेला माणूस मात्र हळूहळू यायचा थांबतो. मला या शुल्काचा सगळ्यात वाईट परिणाम हाच वाटतो.

वरचेवर जाणार असाल तर वार्षिक पास आहे का ते आधी बघा. पासची किंमत भागिले एका फेरीचा खर्च, एवढंच गणित आहे. पास ६० पौंडांचा आणि फेरी ३ ची असेल, तर विसाव्या फेरीला पैसे वसूल. पास त्या एकाच पार्कात चालतो की कौन्सिलच्या सगळ्या पार्कांत, आणि त्यावर घरातल्या दुसऱ्या गाडीचा नंबर घालता येतो का, हे विचारूनच घ्या. नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व असलं की सगळीकडे पार्किंग फुकट, असा अनेकांचा समज असतो. ती सवलत ट्रस्टच्या स्वतःच्या जागांपुरती आहे, कौन्सिलच्या कंट्री पार्कात ती चालत नाही. अपंगांसाठीचा ब्लू बॅज असला तरी कार पार्कात आपोआप माफी मिळत नाही. फलकावर काय लिहिलंय ते वाचा.

पैसे भरताना घाई नको. गाडीचा नंबर टाकताना शून्य आणि 'ओ' यांची गल्लत हमखास होते. फाटकावर कॅमेरा असेल तर वेळ बहुधा गाडी आत आल्यापासून मोजली जाते, पैसे भरल्यापासून नाही. जागा शोधण्यात गेलेली मिनिटंही त्यात धरा. पार्किंगचं ॲप घरूनच उतरवून ठेवा, झाडीत सिग्नल मिळेलच असं नाही. ॲपवाले वर सेवाशुल्क किंवा आठवणीच्या एसएमएसचे पैसे लावतात, ते बंद करता येतात का पाहा. मशीनवर चिकटवलेला क्यूआर कोड मात्र स्कॅन करू नका. खोटे स्टिकर लावून कार्डाचे तपशील चोरण्याचे प्रकार ब्रिटनभर झाले आहेत.

वेळ संपल्यावर, इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या कार पार्कात १० मिनिटांची सवलत असते. त्यापुढे दंड. लंडनबाहेर तो बहुतेक ठिकाणी ५० किंवा ७० पौंड असतो आणि १४ दिवसांत भरला तर निम्मा होतो. चूक तुमची नसेल तर त्याच मुदतीत लेखी हरकत घ्या, सोबत तिकिटाचा आणि फलकाचा फोटो जोडा. कौन्सिलने शेवटपर्यंत नाकारलं तर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे फुकट दाद मागता येते. खाजगी कंपनीची नोटीस वेगळी असते. ती १०० पौंडांपर्यंत जाते आणि तिच्या अपिलाची वाटही निराळी आहे. म्हणून पाकीट फोडल्यावर आधी पाठवणारा कोण ते बघा.

पैसे वाचवायला बाहेरच्या गल्लीत गाडी लावणारे बरेच. पाऊस पडून गेलेला असतो, अरुंद रस्त्याच्या कडेला रांग लागलेली, प्रत्येक गाडीची दोन चाकं गवतावर, खाली चिखलाचे चर. बाबागाडी ढकलणाऱ्या आईला मग भर रस्त्यातून चालावं लागतं, आणि अग्निशमनाची गाडी आली तर तिला वाट नाही. ३ पौंडांसाठी असं करू नये, असं मी स्पष्टच सांगेन. तीन-चार कुटुंबं निघणार असाल तर गाड्या कमी करा. वाचवायचेच असतील तर तिथे खरे वाचतात.

शुल्क मुळात का आलं? १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने कौन्सिलांना कंट्री पार्क उभारायचा अधिकार दिला, ते चालवायची सक्ती केली नाही. त्यामुळे तिजोरी आटली की सक्तीच्या सेवा आधी, पार्क नंतर. पायवाटा, स्वच्छतागृहं, रेंजरचे पगार हे सगळं कुठून तरी यायलाच हवं. म्हणून माझा शुल्काला सरसकट विरोध नाही.   मात्र जमा झालेले पैसे त्याच पार्कावर खर्च होतात का, हे कौन्सिलला लेखी विचारायचा हक्क आपल्याला आहे.

तुमच्या भागात कौन्सिल असं शुल्क नव्याने लावणार असेल, तर आदेशाआधी जाहीर सूचना निघते आणि हरकतीला २१ दिवस मिळतात. नुसतं 'शुल्क नको' लिहून भागत नाही. पहिला अर्धा तास मोफत, परवडणारा वार्षिक पास, ब्लू बॅजला माफी, रोख पैसे घेणारं एक तरी मशीन आणि दरवर्षी जमाखर्च फलकावर, अशा नेमक्या मागण्या लिहा.