पाठ : कामं ढीगभर, आधी कुठलं?

ताईंनो, आपल्या पाटण तालुक्यात मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे नुसती धांदल. 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग. त्याआधी भाताचा तरवा टाकायचा, जळण आणि शेणी आत घ्यायच्या, घर शाकारायचं, पोरांची वह्या-पुस्तकं आणायची. शिवाय गटाची बैठक आणि कर्जाचा हप्ता आहेच. सगळं डोक्यात ठेवलं की एखादं काम निसटतंच. आणि निसटतं ते गपगुमान असणारं काम. म्हैस हंबरते, पोरगं रडतं, पण बँकेचं पासबुक काही हाक मारत नाही.

हेच बघा. जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता 436 रुपये, सुरक्षा विम्याचा 20 रुपये. दोन्ही मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात. त्या वेळी खात्यात 456 रुपये नसतील, तर 1 जूनपासून विमा बंद पडू शकतो. प्रत्येक विम्याचं संरक्षण 2 लाखांचं! काम अर्ध्या तासाचं, पण चुकलं तर घर उघड्यावर.

म्हणून कामांची यादी करा. अशी :

1. सगळं उतरवा. वहीत लिहा, नाहीतर लेकीला सांगा लिहायला. तारखेची कामं भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

2. प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारा. शेवटची तारीख कधी? आणि राहिलं तर नुकसान काय? जळण भिजलं तर पावसाळाभर धूर. हप्ता थकला तर गटाची पत जाते. माळा झाडायचा राहिला तर? काहीच नाही. तो खाली ढकला.

3. वाटून द्या. यादीतलं प्रत्येक काम आपलंच, असं कुणी सांगितलं? शेणी पोरं उचलतील, वह्या-पुस्तकं मालक आणतील. बँकेत जायचं असेल तर गटातल्या दोघीतिघी मिळून जा, गाडीभाडं वाचेल.

4. रोज तीनच कामं वर ठेवा. ती झाली की दिवस सार्थकी लागला. उरलेली उद्यावर टाका, मनाला लावून घेऊ नका.

एक काम मात्र आपण कायम तळाला ठेवतो : स्वतःची तब्येत. चक्कर येते, पाय सुजतात, तरी "लागण उरकली की बघू" म्हणतो. लागण उरकली की भांगलण येते, मग गणपती येतात. वरचे दोन प्रश्न या कामालाही विचारा. अंगातलं रक्त आणि बीपी तपासणं आठवड्याच्या यादीत वरच लिहा.

बैठकीत करून बघा : प्रत्येकीने या आठवड्यातली पाच कामं सांगायची. त्यातलं आधी कुठलं, दुसऱ्याला द्यायचं कुठलं आणि सोडून द्यायचं कुठलं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पुढच्या बैठकीत विचारायचं, "काय गं, झालं का?"